गौरीची माती आणि अस्वलाचा पंजा

मुलांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. गॅरेजच्या भिंतीला धरून वर चढलेली वेल, एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ जरा लांब, आणि पानांवर तुपाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. फोटोच्या कोपऱ्यात बाबाच्या बुटाचं टोक दिसतं. ते वेलीपासून इतकं लांब आहे की फोटो त्याने हात ताणून काढला असणार. मोठीचं म्हणणं असं की बाबाने मागचं दार लावून किल्ली खिशात टाकली आहे, कॅनडातलं हे नवं घर घेतलं ते परसासाठी आणि आता परस फक्त खिडकीतून बघायचं, हा सरळसरळ अन्याय आहे. धाकट्याचं म्हणणं असं की ती वेल जाळून टाकावी.

ती जाळायची नाही. हे आधी सांगून टाकते, कारण हे बाबा तुम्हाला वाचून दाखवणार आणि शेवटपर्यंत तुम्ही जागेवर असाल याची मला खात्री नाही. ही पॉयझन आयव्ही, अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल. ती जाळली की तिचं तेल धुराबरोबर डोळ्यांत आणि छातीत जातं. अंगावर पुरळ येतं ते निदान खाजवता येतं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला जेमतेम "हाय आजी, बाय आजी" एवढा वेळ देता, आणि तोही पडद्यावरून अर्धा चेहरा बाहेर ठेवून. शिवाय मला एक जुनी हकीकत नीट लावून सांगायची आहे. तुम्ही एका उन्हाळ्यात आमच्याकडे नेदरलँड्सला, एनस्खेडेला राहायला आलात आणि थोड्याच दिवसांत तुम्हाला उचलून बुइटनव्हेल्डर्टच्या आजीकडे नेलं, ते का, हे तुम्हाला कोणी धड सांगितलेलं नाही. तेव्हा "आजोबांच्या हाताला लागलंय" एवढ्यावर भागलं होतं. आता तुमच्याच परसात तसलं झाड निघालं आहे, तेव्हा सांगायला हवं. बाबा वाचताना स्वतःबद्दलचा मजकूर गाळेल. तो मध्येच खोकला तर एक परिच्छेद गेला असं समजा.

तर, आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. भाद्रपदात ओढ्यावर जायचं, पाण्यातले पाच खडे ताम्हनात घ्यायचे, आणि मागे न बघता, कुणाशी न बोलता घरी यायचं. दोन दिवस पाहुणचार झाला की खडे पुन्हा पाण्यात सोडायचे. परत येताना काठावरची मूठभर माती आणायची आणि ती घरात, परसात चिमूटचिमूट टाकायची. त्याने घरात भरभराट होते आणि झाडांना कीड लागत नाही, असं माझ्या सासूबाई सांगत. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. मला कारणं लागतात. पण मला क्रमही लागतो. सुरू केलेल्या गोष्टीचा शेवटचा भाग गाळायचा, हे मला जमत नाही. त्यामुळे मी माती आणत आले. माझा भरभराटीवर विश्वास नव्हता. काम अर्धवट टाकण्यावरही नव्हता.

आमच्या घरामागच्या ओढ्यात खडे नाहीत, नुसता चिखल आहे. म्हणून मी बागेच्या सामानाच्या दुकानातून शोभेच्या खड्यांची एक पिशवी आणली. पांढरे, गुळगुळीत, पिशवीवर छापलेलं की माल पोर्तुगालचा. त्यातले पाच खडे खिशात घालून ओढ्यावर न्यायचे, पाण्यात बुडवायचे, आणि जणू तिथेच सापडले अशा चेहऱ्याने परत आणायचे. आजोबा याला आयात-निर्यात म्हणतात.

न बोलता चालण्याचा भाग मात्र इथे अवघड आहे. एनस्खेडेत रस्त्याने येणाऱ्याला "हॉय" म्हणायचं असतं आणि समोरच्याने ते परत करायचं असतं. पहिल्याच वर्षी ओढ्याच्या वाटेवर आमची शेजारीण कुत्र्याला घेऊन समोरून आली. ती माझ्याच वयाची आहे, गुलाबांची फार हौस असलेली. तिने हॉय म्हटलं, आणि मी हातात ताम्हन धरून सरळ समोर बघत निघून गेले. दुसऱ्या दिवशी ती केक घेऊन दारात उभी. "माझं काही चुकलं का?" मी तिला सांगितलं, देवी घरी आणताना बोलायचं नसतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन ते संडासात टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं. इथे सगळ्यांची ती कॅलेंडरं तिथेच असतात. गौरीची तारीख दर वर्षी बदलते हे मात्र तिला सांगायचं राहून गेलं. त्यामुळे ती दर वर्षी चुकीच्या दिवशी माझ्याशी बोलत नाही.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी ओढ्याच्या काठावर माझ्या डोक्याच्याही वर गेलेले वाळके दांडे उभे होते. त्यांच्या टोकाला उलट्या छत्रीच्या काड्या असाव्यात तसे झुपके, आणि त्यातून चपट्या, पिवळट बिया खाली पडत होत्या. सिंहगडाच्या वाटेवर भाद्रपदात पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं येतात ती मला आठवली. मला बरं वाटलं, जरा घरच्यासारखं. मी त्या दांड्यांच्या बुडाशीच वाकले आणि मूठभर माती घेतली, बियांसकट. घरी येऊन देवघरात चिमूटभर, उंबऱ्यात चिमूटभर आणि बाकीची परसात, मेथीच्या वाफ्याजवळ आणि कुंपणाच्या कडेला.

पुढच्या वसंतात तिथे रोपं निघाली.

"अहो, हे काय आलंय बघा जरा," मी आजोबांना म्हटलं.

"पाऊस पडला, आलं. या देशात सगळंच येतं."

"पण आपण काही लावलेलं नाही तिथे."

"तू गौरीची माती टाकली होतीस ना? मग ही भरभराट असेल." आणि ते वर्तमानपत्राकडे वळले.

त्यांनी ते थट्टेत म्हटलं होतं. पण संसारात थट्टेतलं नाव फार लवकर चिकटतं. त्या झाडाचं नाव भरभराट पडलं. सकाळी आजोबा विचारायचे, "भरभराटीला पाणी घातलं का?" आणि मी घातलेलं असायचं. बाकीची रोपं मेथीने दाबली की गोगलगाईंनी खाल्ली कोण जाणे, पण कुंपणाजवळचं एक मात्र जोमाने वाढलं. पानं ताटाएवढी झाली, कडेने कातरलेली. वाऱ्याने ती कलायला लागली तेव्हा मी बांबूची काठी आणून बांधली. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकातलं डॅफोडिलचं चित्र मला अचूक ओळखता यायचं. ओढ्याकाठच्या झाडांबद्दल त्या पुस्तकात काही नव्हतं.

शेजारीण कुंपणावरून बघायची. एकदा म्हणाली, "जोरात आहे तुमचं."

मी म्हटलं, "हो ना." मला वाटलं, कौतुक आहे.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात भरभराट माझ्या कमरेपर्यंत आली आणि तिच्या सावलीने मेथी पिवळी पडायला लागली. त्यात एका रविवारी इथे खणखणीत ऊन पडलं. असं ऊन पडलं की इथली माणसं कुणीतरी बोलावल्यासारखी बाहेर येऊन बसतात, आणि इतक्या वर्षांत आजोबाही त्यांच्यातलेच झाले आहेत. विद्यापीठात जन्मभर काँक्रीटच्या तुळया मोडून बघणारा माणूस. त्याला पानांची काय भीती. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून त्यांनी कात्रीने पानं छाटली आणि लग्नघरी केळीची पानं न्यावीत तशी दोन्ही हातांवर तोलून कोपऱ्यात नेऊन टाकली. मग हात झटकले आणि तिथेच उन्हात चहा घेत बसले. काही झालं नाही. खाजही नाही. या झाडाचा सगळा लबाडपणा तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी हात लाल झाला. संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याने भरलेले फोड.

"बिब्बा उतल्यासारखं झालंय," आजोबा म्हणाले.

बिब्बा तुम्हाला माहीत नसणार. काळं, सुपारीएवढं फळ असतं. त्याच्या तेलाने धोबी कपड्यांवर खूण करत, आणि जुन्या बायका ते टाचेच्या भेगांना लावत. कुणाला ते मानवायचं, कुणाच्या अंगावर उतायचं, म्हणजे फोड यायचे. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी खोबरेल तेलात हळद कालवून हाताला लावली. ते करायला नको होतं, कारण मग आम्ही हाउसआर्ट्सकडे गेलो तेव्हा तिचा पहिला प्रश्न फोडांबद्दल नव्हता, पिवळ्या रंगाबद्दल होता. हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. कशासाठीही गेलं तरी पॅरासिटामॉल घ्या आणि थांबून बघा म्हणतो, ही आमच्या सगळ्या मराठी मंडळींची तक्रार. या बाईने मात्र हळद पुसली, फोड पाहिले आणि विचारलं, "बागेत मोठ्या पानांचं झाड आहे का?" मग तिने आम्हाला पडद्यावर चित्र दाखवलं. आमची भरभराट होती. शेजारी काठी तेवढी नव्हती.

डच भाषेत तिचं नाव राक्षसी बेरेनक्लाउ; बेरेनक्लाउ म्हणजे अस्वलाचा पंजा. रस अंगाला लागतो तेव्हा कळत नाही, पण त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. फोड फोडायचे नाहीत, हात झाकून ठेवायचा, मलम लावायचं. "आणि उन्हात जाऊ नका," ती म्हणाली. नेदरलँड्समध्ये हे पथ्य सांगितलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

घरी येऊन मी शेजारणीला गाठलं.

"ते झाड काय आहे, तुम्हाला माहीत होतं?"

"हो, बेरेनक्लाउ."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही त्याला पाणी घालत होतात. काठी लावली होतीत. मला वाटलं, तुम्ही ते खाता."

"खातो?"

"भारतात काहीतरी करत असतील त्याचं, असं वाटलं. उगाच कशाला नाक खुपसा."

"मला वाटलं, तुमच्या इकडचं शोभेचं झाड असेल."

"आमच्या इकडे ते सगळे उपटतात."

"सांगायचं तरी."

"तुम्ही वर्षातून एक दिवस माझ्याशी बोलत नाही," ती म्हणाली, "मी काही विचारते का?"

डच माणसं तोंडावर स्पष्ट बोलतात असं मी तुमच्या आईला कितीदा तरी सांगितलं होतं. त्यातली एकमेव भिडस्त बाई माझ्या कुंपणापलीकडे राहत होती.

त्याच आठवड्यात बाबाचा फोन आला. तुमची जुलैची तिकिटं काढून झाली होती. मी आजोबांच्या हाताचं सांगितलं.

"आई, ते झाड अजून आहे तिथे?"

"आहे. काढायचं आहे."

"मुलं येणार आहेत."

"मला माहीत आहे मुलं येणार आहेत. खोली लावून ठेवली आहे."

"धाकटा सगळ्याला हात लावतो. तू बघ, नाही जमलं तर ते बुइटनव्हेल्डर्टला राहतील. तिथे नुसती बाल्कनी आहे."

बुइटनव्हेल्डर्टला, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅममध्ये, तुमच्या आईचे आईवडील राहतात. सहावा मजला, लिफ्ट, खाली वाळू नसलेलं, रबराच्या फरशीचं खेळायचं मैदान. विहीणबाईंशी माझं काही वाकडं नाही. फक्त तुम्ही वर्षातून एकदा येता आणि दिवस वाटून घ्यावे लागतात, त्या वाटणीत माझी बाजू ही कायम परसाची बाजू होती. त्यांच्याकडे अ‍ॅमस्टरडॅम होतं. माझ्याकडे मागचं दार, चिखल आणि मेथीचा वाफा. तेच दार बंद झालं तर माझ्याकडे तुम्हाला द्यायला वरण-भात उरत होता, आणि तो विहीणबाईही चांगला करतात.

"त्यांच्या बाल्कनीतलं जिरेनियम प्लॅस्टिकचं आहे," आजोबा हात उशीवर ठेवून म्हणाले.

"म्हणूनच तर," मी म्हटलं.

खेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, मी फोन केला. तिथल्या माणसाने सौजन्याने सांगितलं की ओढ्याचा काठ त्यांचा, परस आमचं. झाड ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात टाकायचं नाही, पिशवीत बांधून साध्या कचऱ्यात टाकायचं. आणि ढगाळ दिवस बघून काढायचं. ज्या देशात वर्षभर ढगांबद्दल तक्रार करायची, त्या देशात त्या जूनमध्ये ढग येईना. मी रोज सकाळी पडदा सारून आकाशाकडे नाराजीने बघायची. तिकडे भरभराट वाढत होती. मधून एक जाड, जांभळे ठिपके असलेला दांडा वर निघायला लागला होता. त्याला फूल आलं आणि बी पडलं, तर मग सगळ्या परसाचंच विसर्जन.

शेवटी एका सकाळी आकाश छान मळकट झालं. मी सायकलवर घालायची पावसाळी पँट आणि रेनकोट चढवला, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातले, मोज्यांची तोंडं चिकटपट्टीने बंद केली आणि डोळ्यांवर आजोबांचा पोहायचा गॉगल. शेजारीण तशाच थाटात फावडं घेऊन आली. आजोबांना मी घरात काचेआड बसवलं होतं. तिथून ते हाताने खुणा करत होते. आम्ही त्या बघत नव्हतो.

दांडा कापायचा नाही, मूळ तोडायचं, तेही मातीच्या आत खोलवर. नाहीतर ते पुन्हा फुटतं. ते गाजराच्या कुळातलं आहे आणि मूळही तसंच, फक्त राक्षसाच्या पोराने खावं एवढं. शेजारणीने फावडं मारलं, मी ओढलं.

"दोन वर्षं पाणी घातलंत," ती धापा टाकत म्हणाली. "मुळाला कळतंय."

झाड पिशव्यांत बांधून झालं आणि खरं काम सुरू झालं, ते म्हणजे आमचं स्वतःचं. इथे मला माझ्या सासूबाई भेटल्या. त्या सोवळ्याच्या फार कडक. सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, शिवलं तर पुन्हा आंघोळ, कपडे काठीने उचलायचे, त्या काठीला आणखी कशाचा स्पर्श नको. नवी सून असताना मला त्याचा मनस्वी कंटाळा यायचा, आणि माझ्या कॉन्व्हेंटी इंग्रजीत मी त्याला काय म्हणायची ते लिहीत नाही. त्या दिवशी मी परसाच्या दारात उभी राहून शेजारणीला सांगत होते, दाराच्या मुठीला हात नको, आधी हातमोजे साबणाने धुवायचे, मग काढायचे, रेनकोट उलटा करत उतरवायचा, कपडे काठीने थेट मशिनमध्ये, बाकीच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, फावडं, कात्री, बूट सगळं धुवायचं, मग आंघोळ, आणि दोन दिवस उन्हात यायचं नाही. सगळं पाठ होतं. फक्त आधी देव होता, आता झाड होतं.

"हे तुम्ही कुठे शिकलात?" शेजारणीने विचारलं.

"सासरी," मी म्हटलं.

जुलैत तुम्ही आलात. बाबाने सामान दारात ठेवून आधी परस तपासलं. विमानतळावर बॅगा उघडायला लावतात तसला चेहरा करून तो कुंपणाच्या कडेने वाकून फिरला, आणि मग म्हणाला, "ठीक आहे." मी तरीही ती बाजू दोरी बांधून बंद केली होती. दोरीपलीकडे जायचं नाही, आणि मी दाखवलेल्या चित्रातल्यासारखं पान दिसलं तर हात मागे बांधून मला हाक मारायची, एवढं मी तुम्हाला शिकवलं. धाकट्याने विचारलं, अस्वल कुठे आहे. मी म्हटलं, पिशवीत घालून पाठवलं.

काही दिवस छान गेले. मग एका सकाळी, मोठे, तुझी हाक आली. बाहेर येऊन बघते तर तू दोरीशी हात मागे बांधून उभी, आणि हनुवटीने दाखवत होतीस. इवलंसं रोप होतं, गोलसर, दातेरी पानाचं. तू म्हणालीस, "आजी, बेअर." आणि पाठोपाठ, हळूच, की बाबाला सांगू नको, तो आम्हाला घेऊन जाईल.

बाबा आंघोळीला गेला होता. हातमोजे घालून खुरपं मारायला मला फार वेळ लागला नसता. पण मीच तुला हाक मारायला शिकवलं होतं. हाक मारली आणि मोठ्या माणसांनी ती दाबून टाकली, तर पुढच्या वेळी कोण हाक मारणार. मी रोप काढलं आणि मग बाबाला सांगितलं.

"म्हणजे अजून आहे," बाबा म्हणाला.

"एक होतं. आता नाही."

"आई, एक दिसलं म्हणजे मातीत बी आहे."

त्याचं बरोबर होतं. मी वाद घातला नाही. तो तुम्हाला बुइटनव्हेल्डर्टला घेऊन निघाला, तेव्हा वाटेत खायला थालीपीठं बांधून दिली. तुम्ही गेल्यावर आजोबांनी तुमच्या खोलीतल्या गाद्या उचलल्या नाहीत आणि मीही त्यांना उचला म्हटलं नाही. ही माझ्या घरात न घडणारी गोष्ट आहे.

मग एका संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. आवाज रडवेला.

"अहो, धाकट्याचं तोंड सुजलंय हो. ओठांभोवती सगळं पुरळ. मी त्याला बाहेरचं काहीसुद्धा दिलं नाही. घरात बसवून नुसता आंबा दिला."

"कापून?"

"चोखून. तुमच्या मुलानेच सांगितलं, आम्ही असेच सालीसकट खायचो म्हणून."

पाकिस्तानी आंब्यांची पेटी होती. इथे जुलैत तेच मिळतात. डॉक्टरने सांगितलं, आंब्याच्या सालीतल्या चिकाने झालं आहे, घाबरायचं काही नाही, उतरेल. आणि हे सहाव्या मजल्यावर, खाली रबराच्या फरशीचं मैदान आणि बाल्कनीत प्लॅस्टिकचं जिरेनियम असताना. मी विहीणबाईंना धीर दिला आणि थंड पाण्याची पट्टी ठेवायला सांगितली. माझ्या मनात आणखी काय आलं ते लिहिण्यासारखं नाही. आजोबा मात्र स्वयंपाकघरात जाऊन हसून आले.

त्या डॉक्टरने बाबाला एक गोष्ट आणखी सांगितली होती. आंबा, काजू आणि पॉयझन आयव्ही एकाच कुळातले. ज्याला आंब्याचा चीक उततो त्याने कॅनडात त्या वेलीपासून जास्त जपायचं. आपला बिब्बाही त्याच कुळातला. म्हणजे आमच्या परसात कोथिंबीर-गाजराचा नातेवाईक निघाला आणि तुमच्या परसात आंब्याचा. दोन्हीकडे घराणं चांगलं आहे.

बाबाने किल्ली खिशात का ठेवली आहे ते आता कळलं असेल. त्याला वेल दिसत नाही, धाकट्याचे ओठ दिसतात. इथे तो खोकला तर खोकू दे.

धाकट्याची सूज उतरल्यावर बाबाचा फोन आला. "आई, उद्या येतो आम्ही परत."

"आणि झाडाचं काय?"

"तिथे निदान काय आहे ते आपल्याला माहीत आहे," तो म्हणाला.

गाद्या तिथेच होत्या. मोठे, उरलेले दिवस तू आणि मी रोज सकाळी दोरीच्या कडेने फेरी मारायचो, मी हातमोजे घालून आणि तू हात मागे बांधून. आणखी रोपं सापडली. प्रत्येक वेळी आपण बाबाला सांगितलं. शेवटी शेवटी तो पेपरातून मानही वर करत नव्हता.

तेव्हा आता तुमच्या वेलीचं. ती बाबाने काढावी, नाहीतर हे काम करणाऱ्या माणसांना बोलवावं. धाकट्याने आजोबांसारखं काचेआड बसून खुणा कराव्यात. पूर्ण बाह्या, लांब पँट, हातमोजे, आणि वेल मुळापासून. हिवाळ्यात पानं झडली आणि काडी मेलेली दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तेल तिच्यातही असतं. सगळं पिशवीत बांधायचं, खतात टाकायचं नाही. इथे एक फरक लक्षात ठेवा. आमच्या झाडाच्या रसाला भाजायला ऊन लागायचं, तुमच्या वेलीला काही लागत नाही. ढगाळ दिवसाचा तुम्हाला उपयोग नाही. तिचं तेल हत्यारांवर, कपड्यांवर, बुटांच्या नाड्यांवर, फिरून आलेल्या कुत्र्याच्या केसांवर बसून राहतं आणि तिथून हाताला येतं. म्हणून सासूबाईंचं सोवळं. वेलीला लागलेली प्रत्येक गोष्ट ओवळी, धुईपर्यंत तिला शिवायचं नाही. हात लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर गार पाणी. तोंडावर, डोळ्यांवर पुरळ आलं किंवा श्वास लागला, तर घरचे उपाय करत बसायचं नाही, डॉक्टर. आणि हळद लावून जायचं नाही.

त्या बिया मातीत काही वर्षं तग धरतात म्हणतात. या वसंतातही मेथीच्या वाफ्याशी रोपं निघाली, ती काढली. गौरीची माती मी अजून आणते, पण ओढ्यावरच्या पुलाच्या अलीकडून, जिथे ते दांडे नाहीत तिथून, आणि घरी आल्यावर ओव्हनमध्ये भाजून मगच परसात टाकते. देवीची हरकत आलेली नाही. शेजारीण याही वर्षी चुकीच्या दिवशी गप्प होती. आजोबांच्या हातावरचा तपकिरी डाग फिका झाला आहे, पण आहे. पोर्तुगालच्या खड्यांची पिशवी अर्धी उरली आहे. कुंपणाशी बांधलेली दोरी अजून तिथेच आहे.